पहिलं वळण डावं की उजवं?

मोटोक्रॉसच्या मोठ्या शर्यतीत 40 मोटारसायकली एका रांगेत उभ्या राहतात. फाटक पडतं आणि साऱ्या एकाच वळणावर तुटून पडतात. मी तेव्हा घोळक्याच्या मध्यभागी पाहतो. तिथे एक पडला, तर मागच्याला थांबायला जागाच नसते.

मातीत वळताना स्वार आतल्या बाजूचा पाय पुढे काढतो. मागचा ब्रेक उजव्या पायाखाली. म्हणजे डाव्या वळणावर तो शाबूत राहतो, उजव्या वळणावर सुटतो. (जुन्या बुलेटवाल्यांनो, तुमचं उलटं!) म्हणून माझं मत डाव्याला. पण वळण अरुंद असेल, त्याआधीचा सरळ पट्टा लांबलचक असेल, तर नुसती दिशा काय करणार? मुलाला शर्यतीत उतरवणाऱ्या आईबापांनी आदल्या दिवशी ते वळण चालून पाहावं.