चराईबंदी आणि मातीतला कार्बन

गायरानावर गवत वाढले की मातीत कार्बन वाढतो, हे परीक्षेत नेहमी दिसणारे उत्तर अर्धवट आहे. कार्बन साठतो तो मुख्यतः मुळांमुळे, आणि मुळे टिकतात ती गावाने पाळलेल्या नियमामुळे. (अशा राखीव कुरणांना इकडे कर्नाटकात ‘कावल’ म्हणतात.)

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे कमी पावसाचे गाव. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. पुढच्या काळात गावाने डोंगरावर समतल चर खोदले, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी लागू केली. चराईबंदी म्हणजे चाराबंदी नव्हे. जनावर मोकाट सोडायचे नाही. गवत विळ्याने कापून न्यायचे.

याने फरक का पडतो? कोवळे पाते पुन्हापुन्हा खुडले गेले की गवत साठवलेले अन्न नव्या पात्यांवर खर्च करते आणि मुळांची वाढ खुंटते. पक्व गवत कापले तर मुळे शाबूत राहतात. त्यांतली काही दरवर्षी मरतात, सूक्ष्मजीव त्यांचे विघटन करतात, आणि उरलेला सेंद्रिय अंश मातीच्या बारीक कणांना चिकटून राहतो. कोरड्या प्रदेशात ही भर फार सावकाश पडते.

आता हिशेब. आकडे कल्पित आहेत, हिवरे बाजारचे नव्हेत. १ हेक्टर जमीन, खोली ३० सेंटिमीटर, घनता १.४ टन प्रति घनमीटर:

१०,००० × ०.३ × १.४ = ४,२०० टन माती

सेंद्रिय कार्बन ०.४ टक्क्यावरून ०.५ टक्क्यावर गेला, तर वाढ ४.२ टन कार्बनची. ४४/१२ ने गुणले की १५.४ टन कार्बन डायऑक्साइड.

इथे दोन ठिकाणी फसायला होते. दख्खनच्या मातीत चुनखडी असते. तिच्यातला कार्बन वेगळा काढला नाही तर उत्तर फुगते. शिवाय जनावरांचे तुडवणे थांबले की माती भुसभुशीत होते, म्हणून आधीच्या आणि नंतरच्या ३० सेंटिमीटरमध्ये मातीचे वजन सारखे नसते. तुलना सारख्या वजनाच्या मातीची करावी. चरांमुळे मुरलेल्या पाण्याचाही वाटा असतो. तो वेगळा काढायचा तर चर असलेला पण चराई चालू असलेला शेजारचा तुकडा मोजायला हवा.

नियमाचा भार मात्र सारखा पडत नाही. चार शेळ्यांवर जगणाऱ्या भूमिहीन कुटुंबाला मोकळी चराई थांबणे सर्वांत जड जाते. कापणीत त्याचा हिस्सा आधी ठरला नाही, तर शेळ्या रात्री कुरणात शिरतातच.