स्तंभलेखकाची समीक्षा आणि तटस्थतेचा प्रश्न : कार्टर–रेगन वादचर्चा, १९८०

प्रास्ताविक : निवडणुकीतील वादचर्चेनंतर उमेदवारांचे मूल्यमापन करणारा स्तंभलेखक हा वाचकांचा प्रतिनिधी मानला जातो. हे मूल्यमापन तो कोणत्या भूमीवरून करतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन : दि. २८ ऑक्टोबर १९८० रोजी क्लीव्हलँड येथे अमेरिकेचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर आणि रोनाल्ड रेगन यांच्यात वादचर्चा झाली. १९७७ च्या पुलित्झर पारितोषिकाचे मानकरी, स्तंभलेखक जॉर्ज विल यांनी त्यानंतर दूरचित्रवाणीवर रेगन यांच्या कामगिरीची प्रशंसा केली. मात्र रेगन यांच्या पूर्वतयारीत ते स्वतः सहभागी होते, हे त्यांनी प्रेक्षकांना सांगितले नव्हते. १९८३ मध्ये ही बाब वादाचा विषय ठरली. विल यांची पुराणमतवादी विचारसरणी सर्वश्रुत होती. त्यामुळे रेगन यांना अनुकूल मत देणे हा दोष नव्हे. दोष आहे तो सहभाग झाकून ठेवण्यात.

निष्कर्ष : उघड पक्षपात वाचक हिशेबात धरू शकतो, अज्ञात सहभाग धरू शकत नाही. म्हणून वृत्तपत्रीय स्तंभाचे अध्यापन करताना ‘लेखक काय म्हणतो’ याबरोबरच ‘तो कोठे उभा आहे’ हा प्रश्नही विद्यार्थ्यांपुढे ठेवणे अगत्याचे आहे.