बुलेटिनचा खटला

वकील म्हटला की आम्हा रेणापूरकरांच्या डोळ्यांपुढे बांधाचा दावा उभा राहतो. परंतु छापलेल्या शब्दासाठी भांडणे हीही वकिलीची एक शाखा आहे, आणि तिच्यातला एक गाजलेला खटला आपल्या लातुरातच सुरू झाला.

बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेचे, केवळ सभासदांसाठी निघणारे एक बुलेटिन होते. १९९४ च्या जुलै-ऑगस्टच्या अंकात त्यात वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता आली. तक्रार झाली पुण्यात. गुन्हा नोंदला गेला लातूरच्या गांधी चौक ठाण्यात. (नावाचा योगायोग पाहा!) कवीबरोबर प्रकाशकही आरोपी झाले. समाजात तेढ पाडल्याची कलमे खालच्या कोर्टातच गळाली. अश्लीलतेचे २९२ मात्र सर्वोच्च न्यायालयापर्यंत चिकटून राहिले.

तेथे बचावाला गोपाल सुब्रमण्यम होते. फली नरिमन यांना न्यायालयाने स्वतःच्या मदतीला बोलावले. अशा वकिलाला कायद्याइतकीच कविता वाचावी लागते. शब्द कोणाच्या तोंडी आहे, तो कोणत्या काळच्या समाजाच्या मापाने मोजायचा, हाच वाद. १४ मे २०१५ रोजी निकाल लागला. थोर पुरुषाच्या तोंडी अश्लील भाषा घातल्यास माप अधिक कडक लागेल, म्हणून कवीने खटल्यास तोंड द्यावे. प्रकाशक सुटले; सभासदांची नाराजी कळताच त्यांनी पुढल्या अंकात बिनशर्त माफी छापली होती.

माफीने एक सुटावा व लिहिणारा अडकावा, हे मला पटत नाही. शिवाय सुटायलाही वीस वर्षे लागली! संघटनेच्या पत्रकाखाली ‘प्रकाशक’ म्हणून नाव घालणारा बहुधा साधा नोकरदार असतो. २९२ च्या जागी १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचे २९४ कलम आले आहे.