मेकेदाटूचे धरण आणि अर्कावतीचे गटार

अर्कावती कावेरीला मिळते त्या संगमाच्या थोडे खाली, बंगळुरूपासून शंभरेक किलोमीटरवर मेकेदाटूची घळ आहे. तिथे ६७.१६ टीएमसीचे धरण बांधून ४०० मेगावॉट वीज आणि बंगळुरूला ४.७५ टीएमसी पाणी, असा कर्नाटकचा सुमारे नऊ हजार कोटींचा प्रस्ताव आहे. तमिळनाडूची हरकत घाईची ठरवून सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२५ रोजी तो केंद्रीय जल आयोगावर सोपवला.

कर्नाटकात या धरणाविरुद्ध बोलणारा मोठा पक्ष नाही आणि तमिळनाडूत बाजूने बोलणारा नाही. काँग्रेसने विरोधात असताना जानेवारी २०२२ मध्ये धरणासाठी पदयात्रा काढली. पाठोपाठ भाजप सरकारने अर्थसंकल्पात हजार कोटी ठेवले. या ओढाताणीत बुडणाऱ्या सुमारे पाच हजार हेक्टर जंगलाला वालीच उरलेला नाही. त्यातला मोठा भाग कावेरी अभयारण्याचा, म्हणजे हत्तींच्या वाटांचा. खालच्या डोहांत नामशेष होत चाललेला मोठा महसीर मासा आहे.

शहरासाठी नदी अडवणे नवे नाही. मुंबईच्या विजेसाठी मुळशी बुडू लागली तेव्हा १९२१ मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह केला. बंगळुरूचे रस्ते १९०५ मध्ये कावेरीवरच्या शिवनसमुद्रच्या विजेने उजळले. पण आता कर्नाटकातल्या एकट्या पावगडच्या सौर प्रकल्पाची क्षमता २०५० मेगावॉट आहे. ४०० मेगावॉटसाठी अभयारण्य बुडवण्याचे समर्थन होत नाही.

पाण्याचा मुद्दा अधिक गंभीर. बंगळुरूला पूर्वी अर्कावतीच पाणी पाजत होती: १८९४ पासून हेसरघट्टा, नंतर तिप्पगोंडनहळ्ळी. पाणलोटात वस्ती वाढली, झरे आटले आणि दोन्ही तलावांवर विसंबणे सुटले. बसवनगुडीत उगम पावणारी वृषभावती आज म्हैसूर रस्त्याच्या कडेने काळे सांडपाणी वाहून नेते. बैरमंगल तलावाच्या सांडव्याखाली तिचा फेस साचतो, तेच पाणी शेतात जाते आणि उरलेले अर्कावतीतून थेट मेकेदाटूच्या वरच्या संगमात उतरते. नियोजित जलाशयाच्या तोंडाशीच शहराची घाण येणार.

४.७५ टीएमसी म्हणजे रोजचे सुमारे ३७ कोटी लिटर. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या कावेरी पाणीपुरवठा योजनेच्या पाचव्या टप्प्याची क्षमता ७७.५ कोटी लिटरची आहे, आणि त्यासाठी नवे धरण बांधावे लागले नाही. वृषभावती आणि अर्कावती स्वच्छ झाल्याशिवाय मेकेदाटूला वनमंजुरी मिळता कामा नये.