बंदरातील अदृश्य गोंगाट

आपण कोठे आहोत हे खिशातील भ्रमणध्वनी क्षणात सांगतो, याचे आता कोणास नवल वाटत नाही. परंतु त्याला ही माहिती पुरविणारे जी. पी. एस. उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरत असतात. त्यांचा १५७५.४२ मेगाहर्ट्झचा संदेश भूमीवर पोचेपर्यंत इतका क्षीण होतो की, तो टिपणाऱ्या यंत्राच्या अंगच्या खरखरीहूनही तो दुबळा असतो. ठराविक संकेत ठाऊक असल्यामुळेच यंत्र तो वेचून काढते. त्याच लहरीवर जवळपास कोणी थोडासा गलबला केला, की यंत्र बहिरे झालेच म्हणून समजावे.

असा प्रसंग २००१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, मॉस लँडिंग बंदरात घडला. तेथील नौकांना जी. पी. एस. लागेनासे झाले. उपद्रव समुद्रात सुमारे एक किलोमीटरपर्यंत पोचत होता. धुक्याचा तो किनारा. तेथे बंदराच्या तोंडाशीच वाटाड्या मुका व्हावा, ही गोष्ट थट्टेवारी नेण्यासारखी नव्हती.

मॉन्टेरे येथील नौदलाच्या शिक्षणसंस्थेतील तज्ज्ञांनी इतरांच्या साह्याने शोध आरंभिला. अशा शोधाची रीत मुळात सोपी आहे. एकाच दिशेचे ऐकणारी अँटेना फिरवून, खरखर कोठून प्रबळ येते ती दिशा नकाशावर आखावयाची. मग दुसऱ्या जागेवरून तसेच करावयाचे. दोन रेषा जेथे छेदतील, तेथे चोर! परंतु डोलकाठ्या व लोखंडी भिंती यांवर आपटून लहरी खोटी दिशाही दाखवितात. म्हणून अखेर पायी हिंडून एकेक जागा ऐकावी लागते. संशयित उपकरण बंद करताच खरखर थांबली, म्हणजे खात्री पटते.

कोणास वाटेल, हे एखाद्या वैऱ्याचे काम असावे. निघाली मात्र नौकेवरील दूरदर्शनची अँटेना! तिच्यातील प्रवर्धक स्वतःच लहरी फेकीत होता. सभामंडपात कर्ण्याचा आवाज पुन्हा ध्वनिक्षेपकात शिरला म्हणजे कर्कश शिट्टी वाजते ना, तसाच हा प्रकार. बरे, एक अँटेना गप्प केल्यानेही बंदर मोकळे झाले नाही. अशी एकूण तीन उगमस्थाने सापडली.

यावरून घ्यावयाचा बोध हा की, गोंगाट करणाऱ्यास आपल्या गोंगाटाचा पत्ता नसतो. आपले यंत्र एका विवक्षित ठिकाणीच वाट चुकू लागले, तर प्रथम आपल्याच गाडीतील वा घरातील उपकरणे एकेक करून बंद करून पाहावीत. तरीही उपद्रव टळला नाही, तर स्थळ व वेळ टिपून केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्यास कळवावे.