अल्पखर्चिक लहान सर्व्हरवरील आभासी यंत्रे : खानदेशातील महाविद्यालयांच्या संदर्भात एक विवेचन

बीजशब्द : आभासी यंत्र, सर्व्हर, ग्रंथालय संगणकीकरण, बॅकअप, खानदेश

प्रस्तावना

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची स्थापना १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगाव येथे झाली. जळगाव, धुळे व नंदुरबार हे तीन जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. संलग्न महाविद्यालयांत जळगाव व धुळे शहरांतील मोठ्या, जुन्या संस्था जशा आहेत, तशीच तालुक्याच्या गावची, मोजक्या विभागांची महाविद्यालयेही आहेत. या सर्वांच्या संगणकीय गरजा मात्र बऱ्याच अंशी सारख्या आहेत. ग्रंथालयाची प्रणाली, कार्यालयाचा जमाखर्च व प्रवेशनोंदी, संगणक विभागाचा मूडलसारखा अध्यापनमंच आणि गुणवत्ता हमी कक्षाची वाढत जाणारी कागदपत्रे ही कामे सर्वत्र आहेत. प्रत्येक कामासाठी एक जुना डेस्कटॉप 'सर्व्हर' म्हणून कोपऱ्यात ठेवलेला असतो. तो दिवसाचा बराचसा वेळ रिकामा चालतो; परंतु ज्या दिवशी बंद पडतो त्या दिवशी एक संपूर्ण विभाग बंद पडतो.

हे तीन-चार संगणक एकाच लहान सर्व्हरवर आभासी यंत्रांच्या रूपाने चालविता येतात काय, आणि चालविल्यास नेमका लाभ कोणता, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. या तंत्राचे समर्थन सहसा यंत्रसामग्रीच्या बचतीवर केले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते आपल्याकडील लहान महाविद्यालयाला तो लाभ दुय्यम आहे. आभासी यंत्र ही अखेर एक फाईल असते. तिची प्रत काढता येते, ती दुसऱ्या गावी नेता येते आणि दुसऱ्या संगणकावर उभी करता येते, हा खरा लाभ होय.

संकल्पना व पूर्वपीठिका

एखाद्या वाड्यात चार भावांच्या चुली वेगळ्या, उंबरे वेगळे, परंतु वाडा एक आणि विहीर एक, अशी व्यवस्था आपल्या परिचयाची आहे. आभासी यंत्रांची रचना काहीशी अशीच असते. 'हायपरव्हायजर' नावाची प्रणाली प्रत्यक्ष यंत्राचा प्रोसेसर, रॅम व डिस्क यांची वाटणी करून देते आणि प्रत्येक वाटेकऱ्याला आपण स्वतंत्र संगणकावरच आहोत असे भासविते. एका यंत्रात विंडोज आणि दुसऱ्यात लिनक्स सुखाने नांदू शकते. एकात बिघाड झाला तरी शेजारच्याला त्याची झळ सहसा लागत नाही.

ही कल्पना नवी नाही. आयबीएमच्या केंब्रिज येथील वैज्ञानिक केंद्रात १९६७ च्या सुमारास 'सीपी-४०' ही प्रणाली कार्यरत झाली आणि १९७२ मध्ये 'व्हीएम/३७०' व्यावसायिक रूपात जाहीर झाली. पोपेक व गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्ये त्यामागील सैद्धांतिक अट मांडली. यंत्राची सामायिक स्थिती बदलणारी किंवा उघड करणारी प्रत्येक आज्ञा, पाहुण्या प्रणालीने दिल्यास, नियंत्रकाच्या हाती पडली पाहिजे. आपल्या परिचयाचे इंटेल पद्धतीचे प्रोसेसर ही अट पूर्ण करीत नव्हते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात पेंटियममधील १७ आज्ञा अशा आढळल्या, की ज्या नियंत्रकाला न कळविताच पार पडत. व्हीएमवेअरने १९९९ मध्ये अशा आज्ञांचा चालता चालता अनुवाद करून मार्ग काढला, तर २००३ मधील 'झेन'ने पाहुण्या प्रणालीतच फेरफार केला. अखेर इंटेलने २००५ मध्ये व एएमडीने २००६ मध्ये प्रोसेसरमध्येच तशी सोय केली. तिचा उपयोग करणारे 'केव्हीएम' २००७ मध्ये लिनक्सच्या २.६.२० या आवृत्तीत समाविष्ट झाले. तेव्हापासून मोठ्या संगणककेंद्रातील हे तंत्र साध्या यंत्रावरही अल्प खर्चात आले. ही सोय प्रोसेसरमध्ये असूनही बायोसमध्ये बंद ठेवलेली असते, असे पुष्कळदा आढळते. म्हणून ती प्रथम सुरू करावी लागते.

हायपरव्हायजरची निवड करताना 'फुकट' आणि 'मुक्त' यांतील भेद लक्षात घेणे अगत्याचे आहे. व्हीएमवेअरचे ईएसएक्सआय अनेक वर्षे विनामूल्य मिळत असे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने ती कंपनी घेतली, फेब्रुवारी २०२४ मध्ये विनामूल्य आवृत्ती बंद झाली आणि एप्रिल २०२५ मध्ये ती पुन्हा उपलब्ध करण्यात आली. देणाऱ्याच्या मर्जीवर महाविद्यालयाची व्यवस्था उभी करणे यामुळेच अयोग्य वाटते. व्हिएन्ना येथील कंपनीचे, २००८ पासून उपलब्ध असलेले 'प्रॉक्समॉक्स' डेबियन लिनक्स व केव्हीएम यांवर आधारलेले मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्याचे सर्व व्यवस्थापन ब्राउझरमधून करता येते. लहान संस्थेसाठी ते सोयीचे आहे.

वाटणीचे गणित

चार ते सहा कोअरचा प्रोसेसर, ३२ जीबी रॅम व दोन एसएसडी असलेला लहान टॉवर सर्व्हर उदाहरणादाखल घेऊ. प्रॉक्समॉक्ससाठी २ जीबी रॅम बाजूला ठेवावी. ग्रंथालयात कोहा असेल तर त्याच्या लिनक्स यंत्रास ४ जीबी द्यावी. इन्फ्लिबनेटचे 'सोल' असेल तर विंडोज यंत्र लागेल. त्यास ८ जीबी द्यावी. मूडलच्या बाबतीत दर १ जीबी रॅममागे एका वेळचे १० ते २० वापरकर्ते असा ढोबळ नियम सांगितला जातो. साठ विद्यार्थ्यांची एक तुकडी एकाच वेळी चाचणी देणार असेल तर ३ ते ६ जीबी लागेल. ६ धरणे शहाणपणाचे. कार्यालयीन यंत्रास ४ जीबी दिली, तर सोल व कोहा दोन्ही धरूनही बेरीज २४ जीबी होते आणि ८ जीबी शिल्लक राहते. ही शिल्लक वाटून टाकण्याचा मोह टाळावा. वाट्यापेक्षा अधिक काम आले की हायपरव्हायजर डिस्कला रॅम म्हणून वापरू लागतो आणि सर्वच यंत्रे रखडतात.

प्रोसेसरची चिंता मात्र आपण विनाकारण करतो. प्रत्यक्षात अडथळा येतो तो विहिरीवर, म्हणजे डिस्कवर. फिरत्या तबकडीची ७२०० फेऱ्यांची हार्ड डिस्क विखुरलेल्या ठिकाणची वाचन-लेखनाची कामे सेकंदाला शंभराच्या आसपासच करू शकते. चार यंत्रांनी एकाच वेळी पोहरे सोडले की रांग लागते. साधी एसएसडीदेखील अशी हजारो कामे करते. निधी थोडा असेल तर प्रोसेसर जुन्या पिढीचा घ्यावा, पण एसएसडीत काटकसर करू नये. दोन एसएसडी एकमेकींचे प्रतिबिंब म्हणून जोडाव्यात. शक्य असल्यास त्रुटी ओळखून दुरुस्त करणारी ईसीसी रॅम घ्यावी.

परवान्याचा मुद्दा खरेदी समितीच्या लक्षात सहसा येत नाही. विंडोज सर्व्हरच्या स्टँडर्ड आवृत्तीचा कोअरनिहाय परवाना प्रत्येक सर्व्हरमागे किमान १६ कोअरचा घ्यावा लागतो, मग यंत्रात चारच कोअर असोत. त्यात दोन आभासी यंत्रे चालविण्याचा हक्क मिळतो. म्हणून विंडोजवरील कामे दोन यंत्रांत बसविता आली तर उत्तम. तिसऱ्याची गरज लागताच खर्च वाढतो. जी कामे लिनक्सवर होऊ शकतात ती तिकडे नेणे हा येथे निव्वळ हिशेबाचा प्रश्न आहे.

जुन्या सॉफ्टवेअरचा प्रश्नही येथेच सुटतो. विंडोज ७ चे समर्थन १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चे सर्वसाधारण समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. मात्र कार्यालयातील एखादा जुना जमाखर्चाचा प्रोग्राम नव्या प्रणालीवर चालत नाही आणि लेखापरीक्षणासाठी तो उघडावा तर लागतोच. असा प्रोग्राम योग्य परवाना असलेल्या आभासी यंत्रात, इंटरनेटपासून पूर्णतः तोडून ठेवता येतो.

उन्हाळा, वीज व धूळ

बहुतेक मार्गदर्शिका थंड देशांतील वाचक गृहीत धरून लिहिलेल्या असतात. लहान टॉवर सर्व्हरसाठी सभोवतालचे तापमान साधारणतः १० ते ३५ अंश सेल्सिअस असावे असे उत्पादक सांगतात. जळगाव-भुसावळ परिसरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. बंद खोलीत ३५ अंश तर एप्रिलमध्येच ओलांडले जातात. उन्हाळी सत्राच्या परीक्षांचा काळही हाच. चार डेस्कटॉपऐवजी एकच यंत्र ठेवल्याने निर्माण होणारी उष्णता कमी होते हे खरे. परंतु त्या एका यंत्रासाठी हवेशीर, पश्चिमेच्या उन्हाची भिंत नसलेली जागा आणि दर महिन्याला पंख्यावरील धूळ काढणारा माणूस लागतो. वातानुकूलन प्राचार्यांच्या दालनात असते आणि सर्व्हर जिन्याखाली, ही व्यवस्था एकदा तपासून पाहण्यास हरकत नसावी.

मान्सूनपूर्व वादळात वीज अचानक जाते तेव्हा पूर्वी एक संगणक कोसळत असे. आता चार यंत्रे एकदम कोसळतील. यास्तव यूपीएस नुसता असून भागत नाही. बॅटरी संपत आल्याची सूचना त्याने यूएसबी तारेद्वारे सर्व्हरला दिली पाहिजे आणि सर्व्हरने प्रथम आभासी यंत्रे, नंतर स्वतःला बंद केले पाहिजे. 'नेटवर्क यूपीएस टूल्स' हे मुक्त सॉफ्टवेअर हे काम करते. घरगुती इन्व्हर्टरमध्ये अशी सूचना देण्याची सोय सहसा नसते.

प्रत, आणि प्रतीची परीक्षा

सर्व कामे एका यंत्रावर आणण्यात धोका उघड आहे. तो पत्करायचा तर त्याची भरपाई बॅकअपमधून झाली पाहिजे. या बाबतीत दोन गैरसमज आढळतात. प्रतिबिंबित एसएसडी म्हणजे बॅकअप, हा पहिला. चुकून पुसलेली नोंद दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसली जाते. 'स्नॅपशॉट' म्हणजे बॅकअप, हा दुसरा. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो. अद्ययावतीकरण बिघडल्यास मागे फिरण्यासाठी तो उत्तम, पण सर्व्हर चोरीस गेला तर तोही जातो. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी लोकप्रिय केलेला ३-२-१ हा संकेत सोपा आहे. माहितीच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांतील एक दुसऱ्या जागी.

ही 'दुसरी जागा' कोणती असावी? जळगाव व धुळे येथील दोन महाविद्यालयांनी एकमेकांच्या प्रती सांभाळाव्यात, असे येथे सुचवावेसे वाटते. दोन शहरांत नव्वदहून अधिक किलोमीटरचे अंतर आहे. एकाच आगीचा किंवा पुराचा फटका दोघांना बसण्याची शक्यता अल्प. ४० जीबीची प्रत १० एमबीपीएसच्या जोडणीवरून पाठविण्यास सुमारे ९ तास लागतात, म्हणजे रात्रीत काम होते. २०२० पासून उपलब्ध असलेला 'प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर' पहिल्या प्रतीनंतर केवळ बदललेला भाग पाठवितो, त्यामुळे रोजचा भार आणखी कमी होतो. पहिली मोठी प्रत मात्र हार्ड डिस्कवर घेऊन एसटीने न्यावी. त्याच जोडणीवरून १ टीबी माहिती जाण्यास सव्वानऊ दिवस लागतील. जळगाव-धुळे बस ती त्याच दिवशी पोहोचविते.

प्रती कूटबद्ध असाव्यात, हे सांगणे न लगे. त्यांत विद्यार्थ्यांची जात, उत्पन्न, बँक खाते अशी माहिती असते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार अशा माहितीच्या सुरक्षेची जबाबदारी ती बाळगणाऱ्या संस्थेवर येते. धुळ्याच्या महाविद्यालयाने जळगावची पेटी सांभाळावी. किल्ली जळगावलाच असावी.

किल्ली जळगावला असावी म्हणजे कोणाजवळ, हा यातील सर्वांत नाजूक प्रश्न आहे. सर्व्हरची मांडणी पुष्कळदा तासिका तत्त्वावरील एखादा उत्साही अध्यापक करतो. शैक्षणिक वर्ष संपते, त्याची नेमणूक संपते आणि पासवर्ड त्याच्याबरोबर जातो. नव्या वर्षी यंत्र चालू असते, पण त्यात कोणाला शिरता येत नाही. दोष त्या अध्यापकाचा नाही. ज्याची नेमणूकच वर्षाची, त्याच्याकडून संस्थेने दहा वर्षांची व्यवस्था तोंडी वचनावर उभी करून घेतलेली असते. पासवर्ड व कूटबद्धतेची किल्ली मोहोरबंद पाकिटात प्राचार्यांच्या कपाटात असावी. प्रत्येक आभासी यंत्राचे नाव, काम, रॅम, पत्ता आणि बॅकअपची वेळ यांची एक साधी नोंदवही मराठीत ठेवावी.

त्याच नोंदवहीत वर्षातून दोनदा पुनःस्थापनेची नोंद व्हावी. दिवाळीची सुटी त्यासाठी योग्य. ग्रंथालयाच्या यंत्राची धुळ्याहून आणलेली प्रत प्रयोगशाळेतील एखाद्या रिकाम्या संगणकावर उभी करावी आणि ती मुख्य जाळ्यापासून तोडून ठेवावी. अन्यथा एकाच पत्त्याची दोन यंत्रे भांडू लागतील. यंत्र सुरू झाले एवढ्यावर समाधान मानू नये. ग्रंथपालांनी स्वतः बसून मागील आठवड्यात नोंदविलेल्या एखाद्या पुस्तकाचा दाखल क्रमांक शोधावा, एका सभासदाची देवघेव उघडून पाहावी आणि या सर्वास किती मिनिटे लागली ते वहीत लिहून सही करावी.