साधूच्या मनाचा पंचनामा

फ्रॉइड आणि धर्म हा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा १९२७ सालच्या त्याच्या ‘एका भ्रमाचं भवितव्य’ या पुस्तकापाशी येऊन थांबते. देव म्हणजे आभाळाएवढा केलेला बाप, धर्म म्हणजे साऱ्या मानवजातीला मिळून झालेला मनोविकार, हे सगळ्यांना पाठ आहे. ते पुन्हा उगाळत नाही. माझं कुतूहल बरीच वर्षं घोटाळतंय ते ऑस्कर फिस्टर या माणसाभोवती. हा झुरिकचा प्रोटेस्टंट पाद्री फ्रॉइडचा जवळचा मित्र होता. देव न सोडता त्याने मनोविश्लेषण आपलंसं केलं, आणि त्याच हत्याराने पंजाबातल्या एका भगव्या कफनीतल्या ख्रिस्ती साधूच्या मनाची चिरफाड केली. त्या साधूवरून उठलेलं वादळ जर्मन भाषेत ‘साधूवाद’ म्हणून ओळखलं जातं. ‘वाद’ म्हणजे इथे सरळसरळ भांडण. इतकं चविष्ट भांडण मराठीत फारसं कुणी उलगडून मांडलेलं माझ्या पाहण्यात नाही.

फिस्टरचा जन्म १८७३चा. वडीलही पाद्री, पण तो तीन वर्षांचा असतानाच ते गेले. १९०२ पासून १९३९ पर्यंत झुरिकमधल्या एकाच चर्चमध्ये त्याने सेवा केली. दृढीकरणाच्या, म्हणजे कन्फर्मेशनच्या, वर्गात येणारी पोरं त्याच्यापाशी मन मोकळं करत. कुणाला पापाच्या भीतीने झोप लागत नसे, कुणाचा हात विनाकारण लुळा पडलेला. प्रार्थना करा, श्रद्धा ठेवा, हा व्यासपीठावरचा उपदेश त्यांच्या कामी येत नव्हता. १९०८ मध्ये मनोवैद्य युंगमार्फत फ्रॉइडचं लेखन हाती पडलं आणि जे हवं होतं ते सापडल्यासारखं त्याला झालं. १९०९च्या जानेवारीत पत्रव्यवहार सुरू झाला, एप्रिलमध्ये तो व्हिएन्नाला फ्रॉइडच्या घरी गेला. तेव्हा तेरा वर्षांची असलेली आना फ्रॉइड पुढे लिहिते की, त्या देवाधर्माचं नाव नसलेल्या घरात पाद्र्याच्या वेशातला हा पाहुणा परग्रहावरून उतरल्यासारखा वाटे. आणि पोरांना तो फार आवडे, कारण इतर पाहुणे बापाशी बोलत, हा पोरांशीही बोले.

फ्रॉइडने त्याला सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं की, मनोविश्लेषण स्वतः धार्मिकही नाही आणि अधार्मिकही नाही. दुःखी माणसाच्या सुटकेसाठी पाद्र्यानेही ते वापरावं, इतरांनीही. फिस्टरने ते मनावर घेतलं, आणि जिवंत पोरांवर थांबला नाही. १९१० साली त्याने अठराव्या शतकातला मोरेव्हियन पंथाचा पुढारी काउंट झिन्झेनडॉर्फ टेबलावर घेतला. ख्रिस्ताच्या जखमांबद्दलचं त्याचं रक्तबंबाळ भक्तिकाव्य म्हणजे दडपलेल्या कामवासनेची वळवलेली वाट, असा निवाडा दिला. पंथीय खवळले. पुढे १९१२ मध्ये ‘अन्य भाषांतून बोलणं’ या धार्मिक आवेशावर त्याने पुस्तक लिहिलं. अर्थहीन वाटणाऱ्या उच्चारांत माणसाच्या पुरलेल्या आठवणी असतात, हा त्याचा सिद्धांत.

इथे मराठी वाचकाचं लक्ष केडगावकडे जाईल. १९०५च्या जूनमध्ये पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मुलींना असाच आवेश आला होता. अंगात आग पेटल्याचं कुणी सांगे, कुणी तासन्‌तास रडत पाप कबूल करी, आणि पुढे अन्य भाषांचा अनुभवही आला. अमेरिकन मिशनरी मिनी एब्रम्स यांनी त्यावर १९०६ मध्ये पुस्तिकाच काढली. केडगाव फिस्टरच्या तावडीत सापडलं नाही याचं मला कधी हायसं वाटतं, कधी वाईट. दुष्काळातून, बालवैधव्यातून आलेल्या त्या मुलींच्या पुरलेल्या आठवणी तो जर्मन शास्त्रभाषेत कशा वाचता, देव जाणे. पण निदान त्यांच्या रडण्याला कारण असू शकतं एवढं तरी त्याने मान्य केलं असतं. भक्तांनी त्यात फक्त पवित्र आत्मा पाहिला आणि टीकाकारांनी फक्त थेर.

आता साधूकडे.

सुंदरसिंगचा जन्म ३ सप्टेंबर १८८९ रोजी पतियाळा संस्थानातल्या रामपूर गावी, सुखवस्तू शीख घरात. आई अतिशय भाविक, पोराला साधुसंतांच्या पायाशी नेऊन बसवणारी. पोरगा चौदा वर्षांचा असताना ती गेली. त्यानंतर हा गावातल्या मिशनच्या शाळेवर चवताळून उठला आणि १६ डिसेंबर १९०४ रोजी त्याने शुभवर्तमान जाळलं. दोन रात्रींनंतर पहाटे तीनला उठून थंड पाण्याने अंघोळ केली आणि देवाला निर्वाणीचं सांगितलं की, असशील तर दिस. नाहीतर पाचची गाडी येईल तेव्हा मी रुळांवर असेन. गाडीच्या आधी खोलीत उजेड भरला. त्याची अपेक्षा कृष्णाची किंवा एखाद्या गुरूची होती. समोर उभा होता ख्रिस्त, आणि माझा छळ का करतोस, असं तो हिंदुस्थानीत विचारत होता. बरोबर सोळाव्या वाढदिवशी सिमल्याला बाप्तिस्मा झाला, आणि महिनाभरात मुलाने भगवी वस्त्रं चढवून अनवाणी वाट धरली.

मानसशास्त्राला ही गोष्ट तोवर अपरिचित नव्हती. मानसशास्त्रज्ञ स्टारबकने १८९९ मध्येच दाखवलं होतं की धर्मांतराचा अनुभव पौगंडावस्थेत दाटीने येतो. विल्यम जेम्सने एडिंबराच्या व्याख्यानांत ‘दुभंगलेल्या मी’चं वर्णन केलं. दमास्कसच्या वाटेवर पडण्याआधीच बायबलमधला शौल नेणिवेत ख्रिस्ती झाला होता, म्हणूनच तो ख्रिस्त्यांवर इतका तुटून पडत होता, असं पुढे युंगने लिहिलं. या मापाने रामपूरचा पोरगा म्हणजे नमुनाच. आई गमावलेला, वयात येणारा, ज्याला जाळतो त्याच्याकडेच ओढला जाणारा.

गंमत अशी, की हा आक्षेप साधूंना ठाऊक होता आणि त्यांनी त्याला उत्तरही दिलं होतं. १९२० मध्ये ते इंग्लंडला गेले तेव्हा ऑक्सफर्डचे बायबल-पंडित बी. एच. स्ट्रीटर आणि तमिळ ख्रिस्ती अभ्यासक ए. जे. अप्पासामी यांनी त्यांच्याशी दीर्घ संभाषणं केली. त्यांचं ‘द साधू’ १९२१ मध्ये निघालं. त्यात साधूंचा युक्तिवाद आहे: कृष्ण दिसला असता तर म्हणालो असतो कल्पना, कारण त्याची मला सवय होती, ज्याचा द्वेष करत होतो तो दिसला, तो माझ्या मनातून कसा येईल? जेम्स-युंगांचं म्हणणं नेमकं उलटं, द्वेष केला म्हणूनच आला. या मुद्द्यावर मी शास्त्राच्या बाजूने आहे.

पण त्याच पुस्तकात एक जागा अशी आहे की जिने मला या प्रकरणात कायमचं अडकवलं. १९१३च्या सुमाराला साधूंनी ख्रिस्तासारखा चाळीस दिवसांचा उपवास करायचं ठरवलं. जंगलात बसताना शेजारी चाळीस दगडांचा ढीग ठेवला. रोज एक फेकायचा, म्हणजे हिशेब राहील. काही दिवसांनी दगड उचलण्याचंही त्राण उरलं नाही आणि हिशेब चुकला. शेवटी बेशुद्धावस्थेत त्यांना लोकांनी उचलून आणलं. वाद या दिवसांच्या आकड्याचा झाला. त्यांच्या मृत्यूच्या खोट्या तारा मित्रांना गेल्या होत्या, त्या कुणी पाठवल्या, कधी पाठवल्या, यावर युरोपात पानंच्या पानं खर्ची पडली. उपवास का केला, हे मात्र कुणी विचारलं नाही. साधूंनी सांगितलेलं कारण असं: मला जी शांती लाभते ती माझ्याच आतल्या एखाद्या सुप्त शक्तीतून तर झिरपत नाही ना, अशी शंका त्यांना छळत असे. शरीर पार खचेपर्यंत उपाशी राहून पाहिलं. शक्ती संपली आणि शांती उलट वाढली. तेव्हा ती आपली नव्हे, अशी त्यांची खात्री पटली.

प्रयोग सदोष आहे, मान्य. उपासमारीत मेंदू काय काय खेळ करतो हे आज कुणीही डॉक्टर सांगेल. पण प्रश्न पाहा. माझा देव म्हणजे मीच तर नाही ना? फ्रॉइडचा प्रश्न याहून वेगळा नव्हता. हिमालयाच्या पायथ्याशी एका विशी-पंचविशीतल्या पोराने तो स्वतःला विचारला, आणि उत्तरासाठी स्वतःचा जीव पणाला लावला.

हे सोडून युरोपने काय धरलं? तिबेटची विहीर. साधू सांगत की राझर नावाच्या गावी धर्मोपदेश केल्याबद्दल लामाने त्यांना कोरड्या विहिरीत टाकलं. वर झाकण, झाकणाला कुलूप, खाली कुजलेली प्रेतं. तिसऱ्या रात्री कुणीतरी दोर सोडला, वर ओढलं आणि नाहीसं झालं. ते पुन्हा उपदेशाला उभे राहिले तेव्हा लामाने किल्ली शोधायला लावली. ती त्याच्याच कमरेला निघाली. याशिवाय कैलासावर शेकडो वर्षं जगलेला एक ख्रिस्ती महर्षी, आणि गुप्त ख्रिस्ती संन्याशांचा हजारोंचा संघ. १९२२च्या युरोप-दौऱ्यात या कथांनी मोठमोठी चर्चं भरली.

कलकत्त्याच्या ‘कॅथलिक हेरल्ड’मध्ये एक बेल्जियन जेझुइट, फादर होस्टेन, या कथांच्या मागे लागला. हा माणूस सहज झटकण्यासारखा नाही. अकबराच्या दरबारातल्या मोन्सेरात पाद्र्याचं हस्तलिखित संपादून १९१४ मध्ये त्याने छापलं होतं. जुन्या कागदांची शाई ओळखणारा गडी. साधूंच्या वेगवेगळ्या ठिकाणच्या भाषणांतले तपशील शेजारी शेजारी ठेवून तो विसंगती दाखवत गेला. उलट बाजूला होता मारबुर्गचा प्राध्यापक फ्रिडरिश हायलर, जन्माने कॅथलिक, १९१९ मध्ये स्वीडनमध्ये ल्युथरन झालेला. जेझुइटांना तो आधीच सलत होता. १९२४ मध्ये त्याने साधूंना पूर्व-पश्चिमेचा प्रेषित ठरवणारं जाडजूड पुस्तक काढलं, १९२५ मध्ये ‘प्रेषित की भोंदू?’ नावाने कागदपत्रांचा संग्रह. म्हणजे साधूंच्या निमित्ताने युरोपातले कॅथलिक आणि प्रोटेस्टंट आपलं चारशे वर्षांचं भांडण उरकून घेत होते.

१९२६ मध्ये फिस्टर उतरला ‘सुंदरसिंगची दंतकथा’ घेऊन. उपशीर्षकातच बजावलेलं की, हा धर्म-मानसशास्त्रीय शोध हिंदुस्थानातल्या प्रोटेस्टंट साक्षीदारांच्या गौप्यस्फोटांवर उभा आहे. म्हणजे जेझुइटांच्या कुजबुजीवर नव्हे, आपल्याच लोकांच्या साक्षीवर. निवाडा: कथा टिकत नाहीत, त्या साधूच्या मनाच्या गरजांनी घडवल्या आहेत. कथांबाबत होस्टेन आणि फिस्टर यांचंच पारडं जड आहे, असं मला वाटतं. विहीर कुणाला सापडली नाही, महर्षी सापडला नाही. हायलरने १९२७ मध्ये पुन्हा कागद जमवले, पण ते चारित्र्याचे दाखले होते, विहिरीचे नव्हते.

माझी तक्रार वेगळी आहे. झुरिकच्या पोरांना फिस्टरने समोर बसवून तासन्‌तास ऐकलं होतं. सुंदरसिंग त्याच्यासमोर मनोविश्लेषणासाठी कधी बसले नाहीत. ते काम टपालाने आलेल्या साक्षींवर भागवलं गेलं. आपल्याकडे १९१७ मध्ये नारायण वामन टिळकांनी मिशनचा पगार सोडून संन्यास घेतला, साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला, तेव्हा त्यांचाही असा टपाली पंचनामा करता आला असता. पण टिळकांना घरातच लक्ष्मीबाई होत्या. नवऱ्याच्या देवभोळ्या झपाट्यांकडे ‘स्मृतिचित्रे’त ती बाई ज्या प्रेमाने आणि ज्या मिश्किलीने पाहते, ते मला अजूनही कुठल्याही केस-हिस्टरीहून सरस मानसशास्त्र वाटतं. तिने नवऱ्याची एकही तऱ्हा लपवली नाही, आणि तरीही माणूस कमी होऊ दिला नाही.

आणि फिस्टरच्या साधूवरच्या पुस्तकानंतर पुढच्याच वर्षी फ्रॉइडचं ‘भ्रमा’चं पुस्तक आलं. फिस्टरने साधूच्या बाबतीत केलं होतं तेच फ्रॉइडने फिस्टरच्या देवाच्या बाबतीत केलं: इच्छेतून निपजला, सबब भ्रम. फिस्टरने १९२८ मध्ये फ्रॉइडच्याच ‘इमागो’ या नियतकालिकात ‘एका भवितव्याचा भ्रम’ असं उलटं शीर्षक देऊन उत्तर छापलं. मुद्दे बिनतोड होते: एखाद्या श्रद्धेत इच्छा मिसळली म्हणून ती खोटी ठरत नाही, विज्ञानावरच्या श्रद्धेतही इच्छा आहेच. हा न्याय रामपूरच्या पोराला दोनच वर्षांपूर्वी का लागू झाला नाही, हे त्या उत्तरात शोधून सापडत नाही. झुरिकच्या पाद्र्याची इच्छा ही श्रद्धेची वाट ठरते आणि पंजाबी साधूची इच्छा मात्र दंतकथेची.

फ्रॉइड आणि फिस्टर यांच्या पत्रांचा संग्रह १९६३ मध्ये निघाला. त्यात फ्रॉइडची पत्रं भरपूर आहेत, फिस्टरची तुलनेने थोडी. त्याची काही पत्रं फ्रॉइडने त्याच्याच विनंतीवरून नष्ट केली होती. माणसाला आपलं अंतरंग झाकायचा हक्क आहे, मी तो नाकारत नाही. पण झिन्झेनडॉर्फच्या कविता आणि सुंदरसिंगांचं बालपण चव्हाट्यावर मांडणाऱ्याने तो हक्क दुसऱ्याच्या वेळी आठवायला हवा होता.

साधूंनी या वादाच्याच सुमारास परलोकातल्या दर्शनांवर एक पुस्तिका काढली आणि मित्रांनाही अवघडायला लावलं. १९२९च्या एप्रिलमध्ये सबाथूहून ते पुन्हा तिबेटकडे निघाले, ते परतले नाहीत. पाच वर्षांनी त्यांचे मित्र सी. एफ. अँड्र्यूज यांनी त्यांच्या आठवणी लिहिल्या. कथांच्या खरेखोटेपणापेक्षा त्यांना तो माणूस आठवत राहिला.

फिस्टरला मात्र मी इथेच सोडत नाही. १९४४ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, त्याने ‘ख्रिस्ती धर्म आणि भीती’ हा त्याचा सगळ्यात मोठा ग्रंथ लिहिला. या वेळी टेबलावर कुणी परका नव्हता. त्याचीच मंडळी होती: चाकोरीबद्ध सिद्धांत, विधी, पाखंड्यांची होळी. धर्म कधी आजारी होतो याचं त्याने तिथे एक माप दिलं. जिथे भीती प्रेमाची जागा घेते तिथे तो आजारी. जिथे प्रेम भीतीला हुसकावतं तिथे तो धड. दर्शन खरं की खोटं, विहीर होती की नव्हती, हे या मापात बसतच नाही. या मापाने सुंदरसिंगांचं पुस्तक पुन्हा लिहायचं झालं, तर होस्टेनच्या सगळ्या विसंगती जशाच्या तशा ठेवूनही निकाल बदलावा लागेल. साधूंची कल्पनाशक्ती बेलगाम होती, त्यांनी न घडलेलं घडल्यासारखं सांगितलं असणं शक्य आहे. पण धर्मांतरानंतर विष घालून घराबाहेर काढणाऱ्या कुटुंबाशी त्यांनी पुढे नातं जोडलं, आणि आपली शांती आपलीच तर नाही ना, हा प्रश्न टाळला नाही. फिस्टरने १९२६चं पुस्तक १९४४च्या मापाने तपासायला हवं होतं. ते काम त्याने केलं नाही. आता ज्याला धर्म आणि मानसशास्त्र एकत्र शिकवायचे आहेत, त्याने ही दोन पुस्तकं शेजारी शेजारी ठेवून सुरुवात करावी.